पंखहीन माशी आणि मेंदूचा काठ

परभणी जिल्ह्यात भेंडी लावणाऱ्या शेतकऱ्याला 'परभणी क्रांती' या वाणाची ओळख करून द्यावी लागत नाही. भेंडीवर केवडा रोग पडला की पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि पीक हातचे जाते. परभणीच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी 'पुसा सावनी' या वाणाचा भेंडीच्या एका जवळच्या रानजातीशी संकर केला, पुढच्या पिढ्यांतून निवड केली आणि १९८० च्या दशकात या रोगाला सहजी दाद न देणारा वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. रानजातीचा एक गुण लागवडीच्या भेंडीत आला.

अशा उदाहरणांमुळे आपल्या मनात आनुवंशिकतेचे एक सोपे चित्र ठसते. एक गुण, त्याचे एक जनुक. जनुक आले की गुण आला. रोगप्रतिकार, दाण्याचा रंग, रोपाची उंची यांसाठी हे चित्र पुष्कळदा उपयोगी पडते. अडचण होते ती हेच चित्र आपण माणसाच्या डोक्याला लावतो तेव्हा. "हुशारी यांच्या रक्तातच आहे", "त्या घराण्यात शिक्षण येणारच नाही" ही वाक्ये शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतात. पूर्वी त्यांना नशिबाचा आधार होता, आता 'जीन्स'चा असतो. शब्द नवा, पण निकाल जुनाच.

मग जनुकांचा मेंदूशी आणि वागणुकीशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो फार खोलवरचा आहे. पण तो भेंडीच्या गुणासारखा सरळ नाही. तो कसा आहे हे समजण्यासाठी आपण एकाच प्रथिनाचा इतिहास पाहू. या प्रथिनाचे नाव आहे एलएचएक्स-२. ते स्वतः मेंदूचा कोणताही भाग बांधत नाही, कोणतेही रसायन पचवत नाही. इतर जनुके केव्हा चालू आणि केव्हा बंद ठेवायची, एवढेच त्याचे काम. या इतिहासात एक सूक्ष्म कृमी आहे, एक पंख नसलेली माशी आहे, उंदीर आहे. आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच राज्यात, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडले आहे.

जनुकांनाही कळ असते

आपल्या शरीरातील जवळजवळ सर्व पेशींमध्ये डीएनए सारखाच असतो. डोळ्याच्या पेशीत यकृताची जनुके असतात आणि यकृताच्या पेशीत डोळ्याची. तरीही डोळा डोळाच राहतो. याचा अर्थ प्रत्येक पेशीत काही जनुके वाचली जातात आणि बाकीची मिटलेली राहतात. हे कोण ठरवते?

या प्रश्नाचे पहिले स्पष्ट उत्तर पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आले. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो हे आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचा अभ्यास करत होते. या जिवाणूला दुधातील साखर पचवता येते, पण त्यासाठी लागणारी विकरे तो एरवी बनवत नाही. ती साखर समोर आली तरच बनवतो. १९६१ साली या दोघांनी मांडले की विकराच्या जनुकाशेजारी डीएनएवर एक प्रतिबंधक बसलेला असतो. साखर आली की तो बाजूला होतो आणि जनुक वाचले जाऊ लागते. १९६५ साली त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी तो प्रतिबंधक वेगळा करून दाखवला. ते एक प्रथिन होते.

म्हणजे काही जनुके कामकरी प्रथिनांची असतात, तर काही देखरेख करणाऱ्या प्रथिनांची. या दुसऱ्या प्रकाराला आपण नियामक प्रथिने म्हणू. माणसाच्या सुमारे २०,००० प्रथिन-जनुकांपैकी सुमारे १,६०० जनुके अशा, डीएनएला चिकटून इतर जनुकांचे नियमन करणाऱ्या प्रथिनांची असावीत असे आज मानले जाते.

जिवाणूत साखरेचा प्रश्न असतो. प्राण्याच्या गर्भात मात्र याच युक्तीने शरीराचा आराखडा ठरतो. १९८३-८४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील बाझेल आणि अमेरिकेतील इंडियाना येथील संशोधकांना फळमाशीच्या शरीररचनेशी संबंधित जनुकांत १८० अक्षरांचा एक समान तुकडा आढळला. त्याला होमिओबॉक्स असे नाव पडले. त्यावरून बनणारा ६० अमिनो आम्लांचा भाग डीएनएवर नेमक्या जागी बसतो. हाच तुकडा बेडकात, उंदरात आणि माणसातही सापडला. माशी आणि माणूस यांचे शरीर घडवणारी अवजारे नात्यातली निघाली, हा त्या काळातला मोठा धक्का होता.

भुवईचा केस आणि न दचकणारा कृमी

अशा नियामक प्रथिनांचा वागणुकीशी काय संबंध? याचे एक सुंदर उदाहरण मातीत राहणाऱ्या एका कृमीने दिले. सी. एलेगन्स हा कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब असतो आणि त्याच्या उभयलिंगी प्रकारात चेतापेशी मोजून ३०२ असतात. सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात चेतासंस्थेच्या अभ्यासासाठी तो मुद्दाम निवडला.

मार्टिन चाल्फी यांनी या कृमींना हलका स्पर्श करण्यासाठी एका काडीच्या टोकाला भुवईचा केस चिकटवला. केस लागला की निरोगी कृमी दचकून मागे किंवा पुढे सरकतो. काही उत्परिवर्तित कृमी मात्र ढिम्म हलत नसत. तारेने जोरात टोचले तर ते सरकत. म्हणजे स्नायू ठीक होते, हलका स्पर्श तेवढा कळत नव्हता. चाल्फी आणि जॉन सल्स्टन यांनी १९८१ साली अशा उत्परिवर्तनांची जंत्रीच प्रसिद्ध केली. त्यातील एका जनुकाचे नाव मेक-३.

१९८८ साली मेक-३ ची रासायनिक ओळख पटली. ते होमिओबॉक्स असलेल्या नियामक प्रथिनाचे जनुक होते. कृमीत हलका स्पर्श ओळखणाऱ्या सहा चेतापेशी असतात. मेक-३ नसेल तर त्या पेशी जन्माला येतात, पण स्पर्शपेशी बनत नाहीत. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'दचकण्याचे जनुक' असे काही सापडले नाही. सापडले ते पेशीला तिची ओळख देणारे जनुक. वागणूक बदलली ती त्या ओळखीचा परिणाम म्हणून.

लवकरच मेक-३ ची दोन भावंडे सापडली. एक त्याच कृमीतील लिन-११, दुसरे उंदराच्या जातीतील आयएसएल-१, जे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत आढळले होते. या तिन्हींमध्ये होमिओबॉक्सच्या जोडीला आणखी एक समान भाग होता. तिन्ही नावांची आद्याक्षरे घेऊन त्याला 'लिम' हे नाव दिले गेले. होमिओबॉक्सचा भाग डीएनएला धरतो, तर लिम भाग दुसऱ्या प्रथिनांशी हात मिळवतो. म्हणजे या घराण्यातील प्रथिन एकट्याने काम करत नाही. सोबती कोण मिळतो यावर त्याचे काम ठरते. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

पंखहीन माशी

आता फळमाशीकडे वळू. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या या चिमुकल्या माशीला शास्त्रात मानाचे स्थान मिळाले ते थॉमस हंट मॉर्गन यांच्यामुळे. १९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांना लाल डोळ्यांच्या माशांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर मिळाला आणि तेथून जनुके गुणसूत्रांवर असतात हे सिद्ध करण्याचा मार्ग खुला झाला. त्या काळात जे दिसेल त्यावरून नाव ठेवण्याची पद्धत होती. पंख नसलेल्या माशीच्या जनुकाला 'ॲप्टेरस' म्हटले गेले. ग्रीक भाषेतून आलेल्या या शब्दाचा अर्थच पंखहीन.

पुढे १९९० च्या दशकात हे जनुक वाचता आले, तेव्हा ते लिम घराण्यातले निघाले. आणि १९९५ साली असे दिसले की ॲप्टेरस फक्त पंखांच्या जागीच नव्हे, तर माशीच्या चेतासंस्थेतील काही मोजक्या पेशींतही काम करते. ते नसेल तर त्या पेशींचे तंतू आपली ठरलेली वाट सोडून भरकटतात. नाव पंखांवरून पडले होते, पण काम पंखांपुरते नव्हते. जनुकाचे नाव म्हणजे त्याच्या कामाची व्याख्या नव्हे, हा धडा येथे मिळतो.

१९९९ साली अमेरिकेतील संशोधकांनी आणखी एक प्रयोग केला. ॲप्टेरसचे सस्तन प्राण्यांतील जवळचे भावंड म्हणजे एलएचएक्स-२. ज्या माशीचे ॲप्टेरस बिघडले होते तिच्यात त्यांनी माणसाचे एलएचएक्स-२ घातले. माशीला पंख आले. ते माशीचेच पंख होते, हे सांगायला नकोच. माणसाच्या प्रथिनाने कळ दाबली, पण त्या कळीला जोडलेली यंत्रणा माशीची होती. माणसाला पंख नाहीत, तरी हे प्रथिन आपल्यात आहे. मग आपल्यात ते काय करते?

कुलाब्यातल्या माशा

या प्रश्नाच्या उत्तरासाठी मुंबईला यावे लागेल. पण आधी तेथील जीवशास्त्राचा थोडा इतिहास पाहायला हवा. होमी भाभा यांनी स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था मुख्यतः भौतिकशास्त्र आणि गणितासाठी प्रसिद्ध होती. १९६२ साली भाभांनी ओबेद सिद्दीकी या तरुण शास्त्रज्ञाला बोलावून तेथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. अणुऊर्जेच्या काळात, समुद्रकाठच्या त्या इमारतीत जिवाणू आणि पुढे माशा वाढवणारी माणसे आली.

सिद्दीकी यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत सीमोर बेन्झर यांच्याबरोबर काम केले. बेन्झर हे वागणुकीतील दोषांवरून जनुके शोधण्याच्या पद्धतीचे प्रवर्तक. त्यांच्याच प्रयोगशाळेत रोनाल्ड कोनोप्का यांना १९७१ साली माशीच्या दिनक्रमाचे घड्याळ बिघडवणारे जनुक सापडले होते. सिद्दीकी आणि बेन्झर यांनी अभ्यासलेल्या माशा वेगळ्याच होत्या. तापमान वाढवले की त्या लुळ्या होऊन पडत आणि थंडाव्यात आणल्या की उठून चालू लागत. चेतासंदेश वाहून नेण्याच्या यंत्रणेतील दोष अशा तऱ्हेने डोळ्यांना दिसत होता.

मुंबईला परतल्यावर सिद्दीकींनी गंध आणि चव या संवेदनांकडे लक्ष वळवले. त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज या केनियात वाढलेल्या, मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या. त्यांनी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या नळीत माशा सोडून, वास ओळखू न शकणाऱ्या माशा शोधून काढल्या. साधने साधी, प्रश्न मोठा. १९७८ साली सिद्दीकी आणि रॉड्रिग्ज यांचे हे काम प्रसिद्ध झाले. पुढे सिद्दीकींच्या नेतृत्वाखाली बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले. मुंबईच्या विभागात मात्र चेतासंस्था कशी घडते हा प्रश्न रुजला होता. १९९९ साली तेथे डॉ. शुभा टोळे दाखल झाल्या.

काठाचे कोडे

शुभा टोळे यांचे पदवीचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. पुढे अमेरिकेत डॉक्टरेट घेऊन त्यांनी शिकागो येथे एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेत काम केले. त्या प्रयोगशाळेने १९९८ साली उंदराच्या गर्भातील मेंदूच्या एका अरुंद पट्टीचे वर्णन केले. आपल्या मोठ्या मेंदूचे जे वरचे आवरण असते त्याला बाह्यक म्हणतात. विचार, भाषा, स्पर्शाचे आणि दृष्टीचे आकलन हे सारे बाह्यकाचे काम. गर्भात हे बाह्यक एखाद्या पातळ पदरासारखे असते आणि त्या पदराला एक काठ असतो. संशोधकांनी त्याला नावही काठ या अर्थाचेच दिले. या काठाशेजारी हिप्पोकॅम्पस नावाचा भाग तयार होतो. नव्या आठवणी साठवण्यासाठी तो अत्यावश्यक असतो.

काठाचे महत्त्व काय, हे समजण्यासाठी १९२४ सालचा एक प्रयोग आठवावा लागतो. जर्मनीत हान्स स्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मँगोल्ड यांनी पालीसारख्या दिसणाऱ्या न्यूट या उभयचराच्या गर्भातून एक लहानसा तुकडा काढून दुसऱ्या गर्भावर बसवला. त्या जागी शरीराचा दुसरा अक्ष, मेंदू आणि मज्जारज्जूसह, तयार झाला. महत्त्वाचे हे की त्यातील बराचसा भाग यजमान गर्भाच्या पेशींनी बनवला होता. बसवलेल्या तुकड्याने स्वतः फारसे काही न बनता शेजाऱ्यांना संदेश दिला होता. अशा तुकड्याला संघटक म्हणतात. मेंदूचा काठ हा हिप्पोकॅम्पसचा संघटक असावा अशी शंका होती. पण ते सिद्ध कसे करायचे?

येथे एलएचएक्स-२ पुन्हा पुढे आले. १९९७ साली अमेरिकेत फोर्ब्स पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक नसलेले उंदीर तयार केले होते. त्या गर्भांना डोळे नव्हते, मेंदूचा पुढचा भाग खुरटलेला होता, रक्त नीट तयार होत नव्हते आणि ते जन्माआधीच दगावत. २००१ साली टोळे यांच्या गटाने आणि अमेरिकेत एडविन मोनुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे दाखवले की अशा गर्भांत बाह्यक जवळजवळ नाहीसे होते आणि काठ मात्र फार रुंद होतो. कोडे असे होते: काठ संघटक असेल तर मोठ्या काठामुळे हिप्पोकॅम्पस मोठा व्हायला हवा. प्रत्यक्षात तो नव्हताच.

याचे उत्तर जानेवारी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. मुंबईचा टोळे यांचा गट आणि कॅलिफोर्नियातील मोनुकींचा गट यांनी मिळून ते शोधले. युक्ती अशी की साऱ्या मेंदूतून एलएचएक्स-२ काढायचे नाही. एलएचएक्स-२ नसलेल्या पेशी निरोगी पेशींत मिसळून उंदराचा गर्भ वाढवायचा. मग मेंदू आपल्याकडच्या वाकळीसारखा होतो: बहुतेक कापड निरोगी, मधे मधे एलएचएक्स-२ नसलेली ठिगळे.

निकाल चकित करणारा होता. जिथे ठिगळ पडले तिथे बाह्यकाऐवजी काठ तयार झाला. आणि ठिगळाला लागून असलेल्या निरोगी पेशी, ज्या एरवी साधे बाह्यक बनल्या असत्या, त्यांनी हिप्पोकॅम्पस बनवला. एकाच मेंदूत, भलभलत्या ठिकाणी, अनेक हिप्पोकॅम्पस! काठ संघटक असल्याचे सिद्ध झाले. २००१ चे कोडेही सुटले. सारा मेंदू एलएचएक्स-२ विना असताना काठ संदेश देत होता, पण तो ऐकणारा निरोगी शेजारीच शिल्लक नव्हता.

एलएचएक्स-२ चे काम आता शब्दांत मांडता येते. गर्भाच्या एका टप्प्यावर ते पेशीला सांगते, 'तू बाह्यक हो, काठ होऊ नकोस'. या कामगिरीच्या वाटेवरच टोळे यांना २०१० सालचे भटनागर पारितोषिक आणि २०१४ सालचे इन्फोसिस पारितोषिक मिळाले.

वेळ बदलली, काम बदलले

गोष्ट इथे संपली असती तर आपण म्हटले असते, 'एलएचएक्स-२ हे बाह्यकाचे जनुक'. पण तसे म्हणता येत नाही. उंदराचा गर्भ सुमारे १९-२० दिवस पोटात वाढतो. एलएचएक्स-२ साधारण दहाव्या दिवसाच्या आत काढले तर बाह्यकाचा काठ होतो. त्यानंतर थोड्याच काळाने काढले तर काठ होत नाही. कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेने २००९ साली दाखवले की अशा वेळी बाह्यकाचा काही भाग वासाशी संबंधित, जुन्या घडणीच्या बाह्यकाचे रूप घेतो. आणखी उशिरा, हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशी तयार होत असताना, एलएचएक्स-२ वेगळेच काम करते. २०११ साली टोळे यांच्या गटाने दाखवले की त्या वेळी ते काढले तर चेतापेशींऐवजी ताराकृती आधारपेशी वेळेआधीच तयार होऊ लागतात. आणि ते जास्त दिले तर चेतापेशी बनण्याचा काळ लांबतो. २०१३ साली याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. उंदराच्या बाह्यकात मिशीच्या प्रत्येक केसासाठी पेशींचा एक गोल पुंजका असतो. बाह्यकातून एलएचएक्स-२ काढले असता खालच्या टप्प्यांवरचे मिशीचे नकाशे नीट तयार झाले, पण बाह्यकातील पुंजके उमटले नाहीत.

एकच प्रथिन आणि इतकी कामे कशी? आपल्या लिपीतच याचे चांगले उदाहरण आहे. काना घ्या. ती एक उभी रेघ. तिला स्वतःचा अर्थ नाही. 'कर' या शब्दात ती क च्या पुढे आली तर 'कार' होतो, र च्या पुढे आली तर 'करा' होतो. 'कान्याचा अर्थ काय?' हा प्रश्नच चुकीचा. कुठे आणि कोणाच्या शेजारी, हे विचारले तरच उत्तर मिळते. नियामक प्रथिनाचेही तसेच आहे. पेशीत त्या वेळी डीएनएचा कोणता भाग उघडा आहे आणि हात मिळवायला कोणते सोबती प्रथिन हजर आहे, यावर त्याचे काम ठरते.

वागणुकीच्या उंबरठ्यावर

नियामक प्रथिने केवळ गर्भात काम करून निवृत्त होतात असेही नाही. २०२१ साली जपानमधील संशोधकांनी माशीच्या ॲप्टेरसचे एक नवे काम दाखवले. फळमाशीच्या नराला मादीने वारंवार झिडकारले की तो पुढे काही दिवस माद्यांच्या फारसा मागे लागत नाही. ही त्याची दीर्घकालीन आठवण. ती पक्की होण्यासाठी मेंदूच्या एका भागात, आणि टिकून राहण्यासाठी दिनक्रमाचे घड्याळ चालवणाऱ्या चेतापेशींत, ॲप्टेरस लागते. या दोन ठिकाणी ते वेगवेगळ्या रीतीने काम करते. एका ठिकाणी त्याला नेहमीचा सोबती लागतो, दुसऱ्या ठिकाणी लागत नाही. ज्या जनुकाला शंभर वर्षांपूर्वी पंखहीन म्हटले, तेच आठवण राखायला मदत करते.

आणि माणूस? बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. २०२३ साली अनेक देशांतील डॉक्टरांनी मिळून, एलएचएक्स-२ ची एक प्रत निकामी असलेल्या काही व्यक्तींची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यात बौद्धिक वाढीतील अडचणी, स्वमग्नता, वागणुकीतील वेगळेपण, काहींत डोक्याचा लहान आकार अशी लक्षणे आढळली. पण या शोधाचा सर्वांत बोलका भाग म्हणजे या व्यक्तींमधील फरक. काहींना अडचण फार, काहींना सौम्य. जनुक तेच, बिघाडाचा प्रकार तोच, पण परिणाम सारखा नाही. शिवाय काही मुलांत हा बदल आईवडिलांत नसतानाही नव्यानेच झालेला होता.

या शेवटच्या वाक्यावर शिक्षकांनी थोडे थांबावे. आपल्या गावांत एखादे मूल मंदगती जन्मले की दोष बहुधा आईच्या माथी येतो. तिने ग्रहण पाळले नाही, तिच्या माहेरचे रक्त असे, मागच्या जन्मीचे काही असेल. डीएनएची नक्कल होताना कुठेतरी एक अक्षर बदलते, आणि ते कोणाच्या हातात नसते. हे बदल प्रत्येक माणसात होतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, एखादाच नियामक प्रथिनाच्या जनुकात नेमका पडतो. आईने ग्रहणात भाजी चिरल्याने एलएचएक्स-२ बदलत नाही. हे सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी गावात सर्वांत आधी विज्ञानाच्या शिक्षकाची आहे.

वर्गात काय सांगता येईल

दहावी-बारावीच्या वर्गात आनुवंशिकता शिकवताना मेंडेलचे वाटाणे येतातच, आणि यावेतही. त्यांच्या जोडीला पुढील तीन गोष्टी सांगता येतील.

पहिली, फळमाशी प्रत्यक्ष दाखवावी. रुंद तोंडाच्या बाटलीत अतिपिकलेल्या केळ्याचा तुकडा ठेवून ती एक-दोन दिवस उघडी ठेवावी, माशा आल्या की तोंडाला पातळ कापड बांधावे. पंधरवड्यात अळी, कोष आणि नवी माशी हे सारे टप्पे भिंगातून दिसतात. हा प्रयोग पावसाळ्याच्या शेवटी किंवा हिवाळ्यात करावा. आपल्याकडचा उन्हाळा या माशांना मानवत नाही. मॉर्गन आणि सिद्दीकी यांनी याच जिवाकडून काम करून घेतले, हे कळल्यावर मुलांचा प्रयोगाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो.

दुसरी, कान्याचा खेळ फळ्यावर घ्यावा. मुलांना असे शब्द शोधू द्यावेत ज्यांत एकच खूण जागा बदलून अर्थ बदलते. मग विचारावे, पेशीतील 'जागा' आणि 'वेळ' म्हणजे काय?

तिसरी, भाषेची. 'अमुक गुणाचे जनुक' असे म्हणण्याऐवजी 'अमुक गुण घडताना लागणाऱ्या अनेक जनुकांपैकी एक' असे म्हणण्याची सवय लावावी. वाक्य लांबते, पण खरे होते. मोटारीची एक तार तुटली की दिवा लागत नाही, म्हणून त्या तारेला कोणी 'उजेडाची तार' म्हणत नाही. उत्परिवर्तनाच्या अभ्यासातून आपल्याला बहुतेक वेळा तुटलेल्या तारेची माहिती मिळते. तिच्या आधारे चालू गाड्यांची आपापसात तुलना करता येत नाही. एलएचएक्स-२ पूर्ण नसेल तर बाह्यकच घडत नाही. पण वर्गातील दोन निरोगी मुलांपैकी गणित कोणाला लवकर कळेल हे त्यावरून मुळीच सांगता येत नाही.

जाकोब-मोनोंच्या जिवाणूपासून आजपर्यंत साठहून अधिक वर्षे झाली. या काळात जनुकांबद्दलचा प्रश्नच बदलत गेला. आधी विचारले जाई, हे जनुक कोणत्या गुणाचे? मग विचारले गेले, हे जनुक कोणती जनुके चालू-बंद करते? आता विचारले जाते, कोणत्या दिवशी, कोणत्या पेशीत, कोणाच्या सोबतीने? काठाच्या कोड्याने आणखी एक गोष्ट दाखवली. निरोगी पेशींचे काय होणार हे त्यांच्या शेजारी कोण आहे यावर ठरले, त्यांच्या स्वतःच्या जनुकांत काहीही बदल नसताना. मेंदूची घडण अशी असेल, तर सात-आठ वर्षांच्या मुलाच्या मेंदूचा शेवटचा निकाल त्याच्या आडनावावरून लावणे हे शास्त्राला धरून नाही. ते मूल अजून घडत आहे, आणि त्याच्या शेजाऱ्यांत शाळाही येते.